पूर्वेस तीनशे यार्ड

“बाबा, तुम्ही त्या बाईंच्या दाराला किल्ली लावत होतात,” सुमंत म्हणाला. “एकदा नाही, चारपाच वेळा. पोलीस सांगत होता, त्या आतून ‘कोण आहे, कोण आहे’ करून ओरडत होत्या आणि तुम्ही बाहेरून आपले किल्ली फिरवताय.”

“आपलंच दार वाटलं मला.”

“वाटलं?”

“मग काय, लोकांच्या दारांना किल्ल्या लावत हिंडायची हौस आहे का मला? पाटीपाशी वळलो, पाचवं घर बघितलं, किल्ली लावली. रोजच्यासारखं.”

“कुठली पाटी?”

हे ऐकून जगन्नाथराव चाटच पडले. दीड तासापूर्वी पोलिसांच्या गाडीतून उतरताना ते जेवढे गोंधळले नव्हते, तेवढे आत्ता मुलाच्या या प्रश्नानं गोंधळले.

“अरे, कुठली पाटी काय? किल्ल्याची पाटी! आपल्या गल्लीच्या तोंडाशी झुडपात उभी आहे ती. फोर्ट ऍलर्टन, सतराशे सत्तावन्न. चार वर्षं राहतोयस ना इथे?”

सुमंतनं बायकोकडे पाहिलं. ऋता चहा गाळता गाळता थांबली.

“ती ब्राइट ब्लू आहे ती का, बाबा? पण ती आपल्या गल्लीपाशी कुठेय? ती त्या भोपळ्यांच्या स्टँडपाशी आहे, अलीकडच्या गल्लीला. शनिवारी आम्ही दोघं भोपळे घ्यायला थांबलो ना, तिच्या शेजारीच तर कार पार्क केली.”

“ती तिथे कशी असेल?”

“तिथेच आहे, बाबा.”

“पहिल्यापासून?”

“असणारच ना. अशा पाट्या काय कोणी इकडच्या तिकडे करत बसतं का?”

जगन्नाथरावांचं स्वतःचं म्हणणंही नेमकं हेच होतं.

मग जे काय ठरायचं ते ठरलं. बाबांनी एकट्यानं बाहेर पडायचं नाही. मनगटावर सुमंतचं जुनं घड्याळ बांधायचं, म्हणजे ते कुठे आहेत हे त्याला ऑफिसमधल्या फोनवर दिसेल. आणि पुढच्या गुरुवारी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट. सुमंत हे सगळं फार हळू आवाजात, फार मायेनं सांगत होता, आणि जगन्नाथरावांना लागलं ते तेच. पोरगा खेकसला असता तर त्यांनीही दोन शब्द सुनावले असते. पण लहान पोराला इंजेक्शनला नेताना बोलतात तसं तो बोलत होता. सकाळी दहाला फिरायला निघालेला बाप साडेबाराला पोलिसांच्या फोनवरून सापडतो, तेही खिशातल्या कार्डावर सुनेनं नंबर लिहून ठेवला होता म्हणून. त्या पोरानं तरी दुसरं काय करावं?

“बरं,” जगन्नाथराव म्हणाले आणि आपल्या खोलीत जाऊन बसले. घाबरले होते, यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांच्या खात्यातले एक वरिष्ठ शेवटी शेवटी स्वतःच्या सुनेला रोज सकाळी ‘मोजणीची नोटीस पोचली का?’ म्हणून विचारायचे, आणि ती बिचारी रोज ‘पोचली, साहेब’ म्हणायची. तेव्हा ऑफिसात सगळे हसले होते. जगन्नाथरावही हसले होते.

जगन्नाथराव भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं भूकरमापक होते. लोकांच्या भाषेत मोजणीदार. कोरेगाव, खटाव, माण, तिन्ही तालुक्यांतली शेतं त्यांनी तेहतीस फुटी साखळी ओढत पालथी घातली होती. सख्खे भाऊ बांधासाठी एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, बायका पदर खोचून शिव्या घालायच्या, आणि हा सडपातळ माणूस कुणाशी एक अक्षर न बोलता नकाशा उलगडायचा, साखळी टाकायचा आणि घाणेरीच्या जाळीत हात घालून एक दगड दाखवायचा. हद्दीचा दगड. तो दिसला की भांडण जागच्या जागी थंड व्हायचं. माणसं खोटं बोलतात, कागद खाडाखोड करतात, पण दगड जिथे आहे तिथे आहे, यावर त्यांची अख्खी नोकरी उभी होती. दगड हलवणाऱ्याला ते चोरापेक्षा खालचा समजत.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि सुमंतनं त्यांना इकडे आणलं. कोविडनंतर त्यानं पिस्कॅटवेचं टाउनहाउस विकून तासाभराच्या अंतरावर, डेलावेअर नदीकडच्या या आडगावात मोठं घर घेतलं होतं. चार मैलांत दुसरं मराठी घर नाही. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात जगन्नाथरावांना झुडपात ती पाटी सापडली. लोखंडी खांब, रंग उडालेला, अक्षरं बोटांनी चाचपून वाचावी लागली. वसाहतींच्या काळात सरहद्दीच्या राखणीसाठी १७५७ मध्ये बांधलेला फोर्ट ऍलर्टन येथून पूर्वेस तीनशे यार्डांवर होता, असा मजकूर.

साताऱ्याचा माणूस. खिडकी उघडली की समोर अजिंक्यतारा बघत आयुष्य गेलेलं. किल्ला म्हटल्यावर त्यांनी बूट चढवले, पाण्याची बाटली घेतली, खिशात मूठभर शेंगदाणे टाकले आणि निघाले पूर्वेला. तीनशे यार्डांवर दातांच्या डॉक्टरचा दवाखाना निघाला. त्याच्या मागे एक बुटका उंचवटा, त्यावर गवत आणि एक बाक. बुरूज नाही, तट नाही, पाण्याचं टाकं नाही. आपण वाट चुकलो असं समजून ते दवाखान्यात विचारायला गेले, तर काउंटरवरची बाई म्हणाली की किल्ला म्हणजे लाकडी ओंडक्यांचं घर होतं, कधीच कुजून गेलं. जगन्नाथराव बाकावर बसून शेंगदाणे खात एकटेच हसले. मग त्यांना बरंही वाटलं. एका कुजलेल्या घरासाठी कुणीतरी खूण रोवली होती, दिशा सांगितली होती, अंतर दिलं होतं. या परक्या मुलखात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या कामाच्या भाषेत बोललं होतं.

तेव्हापासून ती पाटी त्यांची झाली. घरामागच्या पायवाटेनं ओढ्यापर्यंत जायचं, पुलाशी मोठ्या रस्त्यावर चढायचं आणि रस्त्याच्या कडेनं परत यायचं. डाव्या हाताला पाटी आली की वळायचं, पाचवं घर आपलं. घरांचे नंबर त्यांनी कधी पाहिलेच नाहीत. गरजच पडली नाही.

या महिन्यात खोकल्यानं तीन आठवडे घरात काढल्यावर मंगळवारी ते पहिल्यांदा बाहेर पडले होते. पाटी नव्या निळ्या रंगात झळकत होती. ‘वा! दिला बाबा कुणीतरी रंग,’ असं म्हणून त्यांनी ती उभ्या उभ्या वाचलीसुद्धा. हे त्यांना लख्ख आठवत होतं. मग वळले. मग ती अनोळखी बाई काचेतून ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी ऋतानं ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मधे त्यांना गाडीतून नेलं. पाटी खरंच भोपळ्यांच्या स्टँडपाशी होती. त्या गल्लीत त्याच बिल्डरची, त्याच राखाडी रंगाची, तशाच दारांची घरं.

“बघितलंत ना, बाबा?” ऋता हळूच म्हणाली. “कोणीही कन्फ्यूज होईल. मीसुद्धा एकदा चुकीच्या गल्लीत शिरलेय.”

भोपळे विकणारी मुलगी म्हणाली, मी आले तेव्हापासून तर पाटी इथेच आहे. ती कधी आली हे विचारायचं जगन्नाथरावांना सुचलं नाही. येताना त्यांनी आपल्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवायला लावली. पाटी नव्हतीच, पण झुडपंही नव्हती. सगळीकडे सारखा पसरलेला लाकडाचा भुगा.

“इथे झुडपं होती ना गं?”

“होती वाटतं,” ऋता म्हणाली. “आय थिंक सो. बाबा, मी खरं सांगू? मी इथून रोज फोनवर बोलत ड्राइव्ह करते.”

झालं! सून प्रामाणिक, पोरगा प्रामाणिक, आणि कुणालाच काही ठाऊक नाही. जगन्नाथराव दोन दिवस खिडकीत बसून राहिले. मनगटावरचं घड्याळ मधेच थरथरायचं आणि ‘उभे राहा’ म्हणायचं. ते आज्ञाधारकपणे उभे राहायचे आणि परत बसायचे. पाटी दोन वर्षं तिथेच असेल, तर आपण रोज कुठे वळत होतो? आणि पाटीचं असं झालं, तर बाकीच्याचं काय? बायकोचे दवाखान्यातले शेवटचे पंधरा दिवस, तिनं मागितलेलं ताक, तिचं ते ‘सुमंतकडे जा, इथे एकटे राहू नका’ म्हणणं, हेही असंच इकडचं तिकडे झालेलं असेल का?

शेजारची लिंडा शुक्रवारी दारात आली. तीस वर्षं स्कूल बस चालवून रिटायर झालेली, धिप्पाड, मोठ्यानं बोलणारी बाई. सुमंतनंच तिला विनंती केली होती. ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, “चला, जॅग. मला आणि कुत्र्याला कंपनी हवी आहे.”

“तुम्ही माझ्यावर पहारा ठेवणार आहात,” जगन्नाथराव त्यांच्या कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाले.

“तेही आहेच.”

ती खोटं बोलली नाही म्हणून ते तिच्याबरोबर निघाले. पाटी आधी कुठे होती, हे त्यांनी तिलाही विचारून पाहिलं. लिंडानं बराच विचार केला. “मला वाटतं तुमच्या कोपऱ्यावर. की इथेच? शपथेवर विचाराल तर नाही सांगता येणार, जॅग. अशा पाट्यांकडे कोण बघतं?”

भोपळ्यांपाशी कुत्र्यानं बसकण मारली म्हणून दोघं थांबले. जगन्नाथरावांनी पाटी परत वाचली. येथून पूर्वेस तीनशे यार्डांवर. त्यांनी सवयीनं मान वळवून पूर्वेला पाहिलं. रस्ता खाली उतरत गेला होता, आणि उताराच्या तळाशी पुलाचे पांढरे कठडे दिसत होते. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.

“काय झालं?” लिंडानं विचारलं.

“काही नाही. तिथे पाणी आहे.”

त्यांनी तिथल्या तिथे पावलं टाकायला सुरुवात केली आणि चाळीस पावलांवर थांबले. सत्त्याहत्तरीतलं पाऊल. ते चाळिशीतल्या पावलाएवढं पडतं का? ज्याच्यावर संशय आहे त्याचीच साक्ष काय म्हणून धरायची? ते घरी परतले आणि गॅरेजमध्ये शिरले. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती, सुमंतची पोलादी टेप होती. शनिवार-रविवार त्यांनी त्यात घालवले. तेहतीस फूट मोजून दोरी तोडली, ओढून पाहिली, ताणली, पुन्हा मोजली, आणि दर तीन फुटांवर लाल चिंधी बांधली.

“बाबा, काय करताय?” सुमंतनं दारातून विचारलं.

“साखळी.”

सुमंत आत गेला. थोड्या वेळानं तो स्वयंपाकघरात ऋताशी कुजबुजताना त्यांना ऐकू आला. जगन्नाथरावांनी चिंधीची गाठ आणखी आवळली.

सोमवारी सकाळी लिंडा आली तेव्हा त्यांनी दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. तीनशे यार्ड म्हणजे नऊशे फूट. नऊशे फूट म्हणजे सत्तावीस साखळ्या आणि वर नऊ फूट. लिंडानं कुत्रं पाटीच्या खांबाला बांधलं, एका हातात दोरी धरली आणि दुसरा हात वर करून मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या अशा थांबवल्या, की ड्रायव्हर मुकाट थांबले. दहा साखळ्या, पंधरा, वीस. सव्वीस झाल्या तेव्हा ते पुलापाशी पोचले. सत्तावीस, आणि वर नऊ फूट. जगन्नाथरावांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली ओढा खळखळत होता.

“लिंडा,” ते म्हणाले, “तुमचे लोक पाण्यात किल्ला बांधत होते?”

लिंडानं ओढ्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाटीकडे पाहिलं. “बेडकांसाठी असेल,” ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. “थांबा, थांबा. म्हणजे...”

“या,” जगन्नाथराव म्हणाले. आता त्यांना दम लागला होता, पण थांबायला ते तयार नव्हते. दवाखान्यामागच्या उंचवट्याच्या समोर रस्त्यावर उभं राहून त्यांनी उलट, पश्चिमेकडे मोजायला घेतलं. किल्ला होता तिथून खुणेकडे. खूण हरवली की मोजणीदार हेच करतो. चौदाव्या साखळीला ते भोपळ्यांच्या स्टँडवरून पुढे गेले. सत्तावीस साखळ्या आणि नऊ फुटांना त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, भुग्याच्या मऊ थरावर त्यांचा बूट टेकला. ते गुडघ्यांवर बसले आणि हातानं भुगा उकरू लागले. लिंडा ‘अहो, कपडे’ म्हणाली. दोन वीत खाली सिमेंटचं गोल कडं लागलं. कड्याच्या मधोमध करवतीनं कापलेला लोखंडी खांबाचा बुडखा, कापलेला भाग अजून चकचकीत.

जगन्नाथरावांनी त्यावर हात ठेवला. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी आवरलं नाही. लिंडा त्यांच्या शेजारी भुग्यात फतकल मारून बसली आणि त्यांच्या पाठीवर थापा मारत राहिली. “तुम्ही वेडे नाही, जॅग,” ती म्हणाली. “वेडे नाही आहात तुम्ही.”

डोळे पुसल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला. लिंडा म्हणाली, फोटो काढते, पुरे. ते म्हणाले, फोटो काढा, पण सह्या लागतील. दोन पंच. घरचा माणूस चालत नाही. तेवढ्यात टपालाची गाडी घेऊन पोस्टमन एडी आला. त्याला विचारल्यावर तो खिडकीतूनच म्हणाला, “पाटी? इथेच होती. या झुडपातल्या पाटीला गाडी घासेल म्हणून तर मी नऊ वर्षं लांबून वळायचो.” नऊ वर्षं! जगन्नाथरावांनी त्याला गाडीतून खाली उतरवलं.

आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो ऐसा की, असं त्यांनी सुरू केलं आणि पाच मिनिटांत संपवलं.

“मी कशावर सही करतोय?” एडीनं विचारलं.

“इथे बुडखा आहे, आणि तुम्ही तो पाहिला, यावर.”

“मग हरकत नाही,” म्हणून त्यानं सही ठोकली.

गावच्या कचेरीला लिंडानंच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. हो, हलवली, पलीकडचा माणूस म्हणाला. दोन आठवडे झाले. तिथे लोकांना गाडी थांबवायला जागा नव्हती, स्टँडपाशी आहे. रंगही दिला, छान दिसते ना?

“पण तीनशे यार्ड?” जगन्नाथरावांनी फोनवर वाकून विचारलं.

“कुठले तीनशे यार्ड, सर?”

“पाटीवर लिहिलंय. आता किल्ला ओढ्यात जातो.”

“सर, लोक फोटो काढतात. मोजत कोणीच नाही.”

संध्याकाळी सुमंतनं भुगा उकरून स्वतः बुडखा पाहिला. फोनचा दिवा पाडून पाहिला, बुटानं ठोकून पाहिला. मग त्या चाळिशी उलटलेल्या बाप्यानं रस्त्यातच बापाला मिठी मारली. “सॉरी, बाबा. यार, मी काय काय विचार केले! तुम्हाला माहीत नाही मी काय काय विचार केले.” घरात येऊन त्यानं बाबांच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि क्लिनिकला फोन करून गुरुवारची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. ऋतानं शिरा केला. दोघं मिळून जर्सी सिटीतल्या मित्रांना फोन लावून किस्सा सांगत बसली. किल्ला ओढ्यात गेल्याचं ऐकून तिकडे हसण्याचा स्फोट झाला. “आमच्या बाबांनी अमेरिकेचा पंचनामा केला!” सुमंत ओरडून सांगत होता. कितीतरी दिवसांनी घर असं मोठ्यानं बोलत होतं, आणि जगन्नाथराव कोचावर बसून शिरा खात होते. सुखात होते. अगदी खरं सुख होतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पंचनाम्याची स्वच्छ प्रत लिहायला बसले. कच्च्या कागदावर पडलेली माती त्यांना आवडत नव्हती. पाटीचं लिहून झालं. मग प्रयोजन लिहायचं होतं, म्हणजे ही मोजणी का करावी लागली ते. त्यांनी मंगळवारची हकिगत वेळेनिशी मांडायला घेतली. दहा वाजता घरातून निघालो. ओढा, पूल, रस्त्यानं परत. भोपळ्यांच्या स्टँडपाशी पाटी दिसली, रोजच्या चालीनं धरलं तर दहा वाजून वीस मिनिटांनी. तिथून वळलो. पाचवं घर. किल्ली लावली.

पोलिसांना त्या बाईचा फोन गेला सव्वाबाराला. तो हवालदार दारात उभा राहून सुमंतला सांगत होता, ते त्यांनी ऐकलं होतं. किल्ली लावल्यावर दोन मिनिटांत केला, असं ती म्हणाली होती.

कोपऱ्यापासून ते दार फार तर पंधरा साखळ्या. चार मिनिटं, पाच मिनिटं. दहा वीस आणि पाच, दहा पंचवीस. जगन्नाथरावांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पुन्हा आकडे मांडले. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मांडले. पाटीनं त्यांना चुकीच्या गल्लीत वळवलं होतं, ते खरं. पण पाटीपासून त्या दारापर्यंतचे दोन तास पाटीनं घेतले नव्हते. ते डोळे मिटून बसले. वळल्याचं दिसत होतं, दार दिसत होतं, बाईचं काचेमागचं तोंड दिसत होतं. मधे काही नव्हतं. बसलो होतो का कुठे? कुणाशी बोललो? त्या दिवशी बुटांना चिखल होता, तो कुठला?

हे कुणालाच कळणार नव्हतं. सुमंतनं गणित केलं नव्हतं, आणि बुडखा सापडल्यावर कुणी करणारही नव्हतं. मोजणीत शेवटच्या बिंदूवरून निघून पहिल्या बिंदूशी येऊन मिळावं लागतं. कधी हातभर कमी पडतं. अशा वेळी नकाशा काढणारा एक रेघ ओढून ते जुळवू शकतो आणि जन्मात कुणाला पत्ता लागत नाही. पुष्कळ जण ओढतात. जगन्नाथरावांनी चौतीस वर्षांत एकदाही तशी रेघ ओढली नव्हती. आज ती ओढावी असं त्यांना फार वाटलं. कालचा शिरा, सुमंतची मिठी, रिकामं मनगट, सगळं त्या एका रेघेवर होतं.

संध्याकाळी सुमंत आला तेव्हा त्यांनी कागद त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

“फ्रेम करू या याला!” सुमंत हसत म्हणाला आणि मोठ्यानं वाचू लागला. देवनागरी वाचायची सवय सुटल्यानं तो जरा अडखळत होता. “...सबब सदर खूण मूळ जागेवरून हलवली गेली, हे पंचांनी समक्ष पाहिले. मात्र...”

तिथून पुढे त्याचा आवाज खाली आला.

“...मात्र पाटीपाशी वळल्यापासून किल्ली लावेपर्यंत सुमारे दोन तास मी कोठे होतो, हे मला सांगता येत नाही. त्याचा पाटीशी संबंध जोडता येत नाही. करिता हा भाग मोजणीत अपुरा राहिला आहे.”

खाली सही. पूर्ण नाव, पदनाम, आणि त्यापुढे कंसात ‘सेवानिवृत्त’.

सुमंतनं कागद खाली ठेवला नाही. “बाबा, हे लिहायची काय गरज होती?”

“खरं आहे ते.”

“पण आता सगळं...” ऋता गॅस बंद करून दाराशी येऊन उभी राहिली होती.

“सुमंत, ती वेळ परत मिळते का बघ,” जगन्नाथराव म्हणाले. “गुरुवारची.”

सुमंतनं फोन लावला. बराच वेळ पलीकडे संगीत वाजत राहिलं. तो टेबलाशी उभा होता, तेही त्याच्या शेजारी उभे राहिले. मग एका बाईचा आवाज आला. हो, गुरुवारची वेळ अजून मोकळी आहे. पेशंटचं नाव? जन्मतारीख?

सुमंत बोलायच्या आत जगन्नाथराव पुढे वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “फर्स्ट जून, नाइन्टीन फॉर्टी-एट.”

“थँक यू, सर. एक मिनिट हं, होल्ड करा.”

पुन्हा संगीत सुरू झालं. “ही आपली मास्तरांनी लावलेली,” जगन्नाथराव सुमंतकडे वळून म्हणाले. “शाळेत नाव घालताना आमच्या वर्गात बावीस जणांना त्यांनी एक जून लावला. माझी खरी वेगळीच आहे. आई सांगायची ना, खरी म्हणजे...”

ते थांबले. तोंड उघडंच राहिलं. त्यांनी टेबलाच्या कडेला हात धरला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

सुमंतनं फोनवर तळहात ठेवला.

“बेंदराच्या आदल्या दिवशी, बाबा,” तो म्हणाला. “अण्णाआजोबा अंगणात बैलांची शिंगं रंगवत होते. आजीला कळा सुरू झाल्या आणि त्यांनी एकच शिंग रंगवून ब्रश टाकला.”

“हां,” जगन्नाथराव म्हणाले. “एकच शिंग.” मग म्हणाले, “लिहून ठेव ते. तुझ्या अक्षरात.”

सुमंतनं त्यांच्या खिशाचं पेन काढून घेतलं, कागद पालथा केला आणि फोन खांद्यानं कानाशी धरून, एकेक अक्षर सांभाळत लिहायला लागला.